सात नोकर चालतील, आठवा नको : चीनची अर्थव्यवस्था नक्की कोणती?

चीनच्या आन्हुई प्रांतात यांगत्से नदीच्या काठी वूहू नावाचं शहर आहे. तिथे न्यान ग्वांगज्यू नावाचा एक फेरीवाला कलिंगडाच्या भाजलेल्या बिया विकायचा. अक्षरओळख नव्हती, पण धंद्यात डोकं तल्लख. मालाचं नाव 'वेड्याच्या बिया'. माओंच्या काळात याच धंद्यापायी तो तुरुंगाची हवा खाऊन आला होता. १९८० च्या सुमारास वारं फिरलं, विक्री धडाक्यात वाढली आणि बघता बघता त्याच्याकडे शंभरावर माणसं कामाला लागली. तेव्हा कम्युनिस्ट पक्षात वाद पेटला, की हा माणूस आता भांडवलदार झाला का?

वादाला नियमाचा आधार होता. १९८१ च्या सरकारी नियमांनुसार स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्याला दोन मदतनीस आणि पाच शिकाऊ ठेवायची मुभा होती. म्हणजे सात चालतील, आठवा आला की शोषण सुरू. आता हा आठाचा आकडा कुठून आला? 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात मार्क्सने वरकड मूल्याचा, म्हणजे मजुरी देऊन झाल्यावर कामगाराच्या श्रमातून मालकाकडे उरणाऱ्या कमाईचा, हिशोब मांडताना एक उदाहरण घेतलंय. मालकाला कामगाराच्या दुप्पट चांगलं जगायचं असेल आणि निम्मी वरकड कमाई पुन्हा धंद्यात घालायची असेल, तर त्याला आठ कामगार लागतील, असं ते गणित आहे. निव्वळ समजावण्यासाठी घेतलेलं. शंभरहून जास्त वर्षांनी ते वूहूच्या फेरीवाल्याच्या बोकांडी बसलं.

प्रकरण थेट चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांच्यापर्यंत गेलं. १९८४ मध्ये त्यांनी सांगितलं की त्याला हात लावू नका, लावलात तर लोकांना वाटेल धोरण बदललं. थोडे दिवस राहू दे, बघू. एका बियावाल्याने समाजवाद बुडतो का, असाही त्यांचा सूर होता. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, घटनादुरुस्ती झाली आणि आठ किंवा जास्त नोकर ठेवणारा 'खासगी उद्योग' अधिकृत झाला.

चीन कम्युनिस्ट की भांडवलशाही, या आपल्याकडच्या वादाकडे मी या किश्शातून बघतो. चहाच्या टपरीवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. डावा म्हणतो, बघा, समाजवादाने एवढा देश वर काढला. उजवा म्हणतो, समाजवाद सोडला म्हणून तर वर आला. दोघेही एकाच देशाकडे बोट दाखवतात आणि दोघांच्याही हातात पुरावे असतात, ही खरी गंमत.

आधी एक गुंता सोडवून घेऊ. एका पक्षाची सत्ता असणं आणि अर्थव्यवस्था कोणत्या प्रकारची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तैवानवर कुओमिंतांग पक्षाने कित्येक दशकं एकहाती राज्य केलं, लष्करी कायदा थेट १९८७ मध्ये उठवला, आणि अर्थव्यवस्था मात्र भांडवलशाहीच होती. केरळात कम्युनिस्ट निवडणूक जिंकून सत्तेत आले आणि हरून पायउतारही झाले, तरी तिथली दुकानं, बँका, बाजार बाकीच्या भारतासारखेच चालू राहिले. तेव्हा 'एकच पक्ष, म्हणून कम्युनिस्ट' हे समीकरण सोडून द्यायचं.

दुसरं म्हणजे साम्यवाद गाठल्याचा दावा खुद्द चिनी पक्षही करत नाही. मार्क्सच्या मांडणीत साम्यवाद म्हणजे वर्ग नाहीत आणि शेवटी राज्यसंस्थाही उरत नाही अशी अवस्था. १९८७ च्या तेराव्या महाअधिवेशनात चिनी पक्षाने जाहीर केलं की आपण 'समाजवादाच्या प्राथमिक अवस्थेत' आहोत आणि ही अवस्था किमान शंभर वर्षं चालेल. सोयीची तरतूद आहे ही. शंभर वर्षांत काहीही करा, ते प्राथमिक अवस्थेतच बसतं.

त्यामुळे पाटी वाचत बसण्यापेक्षा जमीन कोणाची, भाव कोण ठरवतं, कर्ज कोण देतं, नफा कोणाच्या खिशात जातो आणि मालकाला खुर्चीवरून कोण उठवू शकतं, हे पाहिलेलं बरं. त्यासाठी मी फार फिरणार नाही, जमेल तितकं आन्हुईतच थांबतो. एकेकाळी भुकेसाठी प्रसिद्ध असलेला हा प्रांत, चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी चेन दुश्यू इथलेच, आणि चीनच्या आर्थिक बदलाचे बरेच टप्पे याच प्रांतात बघायला मिळतात.

जमिनीपासून सुरुवात करू. १९५८ मध्ये माओंनी गावागावांत कम्यून उभी केली. जमीन, अवजारं, बैल सगळं सामुदायिक, स्वयंपाकसुद्धा. त्यानंतरच्या तीन वर्षांत जो दुष्काळ पडला त्यात कोट्यवधी माणसं मेली, आणि आन्हुई हा सर्वात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. फेंगयांग तालुक्यातली माणसं काम नसलं की ढोलकी घेऊन भीक मागत गावोगाव फिरायची. याच तालुक्यातल्या शिआओगांग गावात १९७८ च्या हिवाळ्यात अठरा कुटुंबांच्या कर्त्या माणसांनी रात्री जमून एक कागद केला. कम्यूनची जमीन घरागणिक वाटून घ्यायची, सरकारचा धान्याचा कोटा ज्याने त्याने भरायचा, उरेल ते आपलं. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं तर त्यांची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. खाली अंगठे उठवले.

पक्षाने नंतर या कहाणीला बराच रंग चढवलाय, हे लक्षात ठेवून ती ऐकावी. पण मूळ गोष्ट खरी आहे आणि ती फक्त शिआओगांगमध्ये घडत नव्हती. प्रांताचे पक्षसचिव वान ली यांनी डोळेझाक केली, पुढे उघड पाठिंबा दिला. १९८२ मध्ये बीजिंगने या पद्धतीला मान्यता दिली आणि ८४ पर्यंत देशभरातली कम्यून जवळपास संपली.

इथे बहुतेकांची गल्लत होते. कम्यून मोडली, पण जमीन शेतकऱ्याच्या नावावर झाली नाही. ती आजही गावाच्या सामुदायिक मालकीची आहे. शेतकऱ्याला मिळाला तो कसण्याचा करार, आधी १५ वर्षांचा, मग ३० वर्षांचा, आणि आता आणखी ३० वर्षांची मुदतवाढ. कसण्याचा हक्क तो दुसऱ्याला भाड्याने देऊ शकतो, पण जमीन विकू शकत नाही. आपल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव असतं, तसं मालक म्हणून त्याचं कुठेच नसतं.

शहरात तर सगळी जमीन सरकारची. घटनेच्या दहाव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. मग शांघायमध्ये लोक कोट्यवधींचे फ्लॅट कसे घेतात? ते घेतात जमीन वापरण्याचा हक्क. राहण्यासाठी ७० वर्षं, कारखान्यासाठी ५०, दुकानांसाठी ४०. सिडकोच्या भाडेपट्ट्यावर नवी मुंबईत राहणाऱ्याला किंवा एमआयडीसीत ९५ वर्षांच्या कराराने प्लॉट घेतलेल्या उद्योजकाला ही कल्पना नवी नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे हा एक प्रकार आहे आणि चीनच्या शहरांत दुसरा प्रकारच नाही. अशा हक्काचा पहिला जाहीर लिलाव शेन्झेनमध्ये १९८७ च्या डिसेंबरमध्ये झाला. त्या वेळी घटनेत जमिनीच्या हस्तांतरणाला बंदी होती! लिलाव आधी, घटनादुरुस्ती पुढच्या वर्षी. चीनमध्ये सुधारणा बहुतेक वेळा याच क्रमाने होतात.

या लिलावांतून पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९९४ च्या कर सुधारणेत करांचा मोठा वाटा केंद्राने घेतला आणि खर्च शहरांच्या गळ्यात राहिले. शहरांनी जमिनीचे हक्क विकून तिजोरी भरायला सुरुवात केली. बिल्डर वाढले, बिल्डरांची कर्जं वाढली, आणि २०२० मध्ये सरकारने कर्जाला लगाम घातल्यावर २०२१ च्या अखेरीस एव्हरग्रांड ही बडी बिल्डर कंपनी कोसळली. जमीन 'समाजवादी', सट्टा मात्र अस्सल भांडवलशाही.

भावांचा प्रश्न तसा सोपा आहे. १९७८ मध्ये जवळपास सगळे भाव सरकार ठरवायचं, आज बहुतेक सगळे बाजार ठरवतो. मधला रस्ता मात्र काटेरी होता. ऐंशीच्या दशकात एकाच पोलादाचे दोन भाव असायचे, सरकारी कोट्याचा स्वस्त आणि बाजारातला महाग. ज्याची ओळख वर, त्याने स्वस्तात उचलायचं आणि बाजारात ओतायचं. आपल्याकडे लायसन्स-परमिटच्या जमान्यात जे चालायचं त्याचीच ही आवृत्ती. १९८८ मध्ये भाव एकदम मोकळे करायची घोषणा झाली, लोकांनी बँका रिकाम्या करून दुकानांवर धाव घेतली, महागाई भडकली. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात जमलेल्या आंदोलकांच्या रागात लोकशाहीच्या मागणीबरोबर ही महागाई आणि ही दलालीसुद्धा होती.

त्यानंतर तीन वर्षं सुधारणांना ब्रेक लागला. आपला बियावालाही १९८९ मध्ये पुन्हा आत गेला. १९९२ मध्ये ८७ वर्षांच्या डेंगनी दक्षिणेचा दौरा काढला आणि ठिकठिकाणी सांगितलं की योजना म्हणजे समाजवाद नाही, भांडवलशाहीतही योजना असते, आणि बाजार म्हणजे भांडवलशाही नाही, समाजवादातही बाजार असतो. त्या भाषणांत त्यांनी 'वेड्याच्या बियां'चं नाव पुन्हा काढलं, आणि न्यान त्याच वर्षी सुटला. त्याच ऑक्टोबरमध्ये पक्षाने 'समाजवादी बाजार अर्थव्यवस्था' हे ध्येय ठरवलं.

आता खासगी किती आणि सरकारी किती? शी जिनपिंग यांनी २०१८ मध्ये उद्योजकांपुढे स्वतःच आकडे सांगितले होते. खासगी क्षेत्राकडून निम्म्याहून जास्त कर, ६० टक्क्यांहून जास्त राष्ट्रीय उत्पन्न, ७० टक्क्यांहून जास्त तांत्रिक नवनिर्मिती, ८० टक्क्यांहून जास्त शहरी रोजगार, आणि कंपन्यांच्या संख्येत ९० टक्क्यांहून जास्त वाटा. एवढं वाचलं की वाटतं, संपला वाद.

पण उरलेला वाटा कोणता ते बघा. मोठ्या बँका, तेल, वीज, रेल्वे, दूरसंचार, विमान कंपन्या, शस्त्रास्त्रं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी झू रोंगजी पंतप्रधान असताना छोटे तोट्यातले सरकारी कारखाने विकले किंवा बंद केले, कोट्यवधी कामगार घरी बसवले (जगातली कदाचित सर्वात मोठी कामगारकपात एका कम्युनिस्ट पक्षाने केली), पण मोठे उद्योग हातात घट्ट ठेवले.

'हातात ठेवले' म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून कळतं. चायना मोबाइल, चायना टेलिकॉम आणि चायना युनिकॉम या तीन एकमेकांच्या कट्टर स्पर्धक कंपन्या. तिन्ही तेव्हा परदेशी शेअर बाजारांत नोंदलेल्या, परकी गुंतवणूकदारांनी शेअर घेतलेले. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये पक्षाच्या संघटन विभागाने एकाच झटक्यात तिघींच्या प्रमुखांची एकमेकांत अदलाबदल केली. युनिकॉमचा माणूस चायना मोबाइलमध्ये, तिथला दुसरीकडे. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या बदल्या होतात तसं. भागधारकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. काल ज्या कंपनीच्या गुप्त योजना आखल्या, आज तिच्याच विरोधात लढायचं. हे अध्यक्ष मालकांचे नोकर नाहीत, पक्षाचे केडर आहेत. पुढची बढती कदाचित एखाद्या प्रांताचं राज्यपालपद असेल.

बँकांचंही तेच. चार सर्वात मोठ्या बँका सरकारी बहुमताच्या, त्यांचे प्रमुखही याच पद्धतीने नेमलेले. खासगी उद्योजक वर्षानुवर्षं तक्रार करतात की बँक सरकारी कंपनीला हसत कर्ज देते आणि आम्हाला हेलपाटे मारायला लावते. वेनझोऊसारख्या व्यापारी शहरात म्हणूनच नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीत पैसे फिरवायची भिशीसारखी पद्धत एवढी रुजली.

आता पुन्हा वूहूला येऊ, कारण तिथे आणखी एक मजेशीर गोष्ट घडली. १९९७ मध्ये वूहू शहराच्या सरकारने गाड्यांची कंपनी काढली, तिचं नाव चेरी. मोटारगाड्या बनवायला केंद्राचा परवाना लागतो. तो नव्हता. तरी कारखाना उभा राहिला, १९९९ च्या डिसेंबरमध्ये पहिली गाडी बाहेर आली, आणि देशभर विकता यावी म्हणून शांघायच्या सरकारी कंपनीला फुकटात २० टक्के हिस्सा देऊन तिच्या परवान्याखाली चेरी आत शिरली. सरकारच सरकारचा नियम मोडतंय, आणि तेही नफ्यासाठी! याला कोणत्या रकान्यात घालायचं? हीच चेरी आज चीनमधून सर्वाधिक गाड्या निर्यात करणाऱ्या कंपन्यांत आहे. टाटा समूहाच्या जॅग्वार लँड रोव्हरची चीनमधली निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी २०१२ पासून चेरीबरोबरच आहे.

प्रांताची राजधानी हफेई याच वाटेने बरीच पुढे गेली. २००८ मध्ये या शहराने स्वतःची मेट्रो लांबणीवर टाकून बीओई या स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात पैसे ओतले. २०२० मध्ये निओ ही विजेवरच्या गाड्यांची खासगी कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना हफेईने ७ अब्ज युआन घातले, कंपनीला आपल्या शहरात बस्तान हलवायला लावलं, आणि शेअर वर गेल्यावर बराचसा हिस्सा विकून नफाही कमावला. आपल्याकडची महापालिका पाणीपट्टी आणि खड्डे यांत गुंतलेली असते. हफेई एखाद्या गुंतवणूक कंपनीसारखी वागते. आणि हफेईसारखीच शेकडो शहरं एकमेकांशी स्पर्धा करतात, कारण अधिकाऱ्याची बढती बराच काळ त्याच्या शहराच्या वाढीच्या आकड्यांवर ठरायची. या स्पर्धेत जिंकणाऱ्यांची नावं आपल्याला कळतात. पैसे बुडवून बसलेली शहरं कितीतरी जास्त आहेत, त्यांचे लेख कोणी लिहीत नाही.

मालकी कशी धूसर असते याचा एक नमुना आपल्या जवळच आहे. पुण्याजवळ रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रिज बनवणारी हायर. मूळची चिंगदाओ शहरातली डबघाईला आलेली छोटी कंपनी. तिचा मूळ समूह ना सरकारी, ना कोणा कुटुंबाचा, कागदोपत्री 'सामुदायिक मालकी'चा आहे. ती ज्यांनी नावारूपाला आणली ते झांग रुईमिन पक्षाच्या केंद्रीय समितीचे पर्यायी सदस्यही होते. त्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, जगभर कारखाने. टाटा किंवा बजाज कोणाचे हे आपण पटकन सांगतो, हायर कोणाची हे सांगताना चीनमधलाही माणूस अडखळेल.

मग खासगी मालकाचं स्थान काय? २००१ मध्ये तेव्हाचे पक्षप्रमुख जियांग झेमिन यांनी उद्योजकांना पक्षाचं दार उघडलं. २००४ मध्ये खासगी मालमत्तेचं संरक्षण घटनेत आलं. अलिबाबा या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या बड्या कंपनीचे संस्थापक जॅक मा पक्षाचे सदस्य आहेत हे पक्षाच्याच मुखपत्राने २०१८ मध्ये जाहीर केलं. म्हणजे चीनच्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक हा कार्डधारक कम्युनिस्ट. २४ ऑक्टोबर २०२० रोजी शांघायच्या एका परिषदेत याच जॅक मांनी बँका सावकारी गहाणवटीच्या मानसिकतेत अडकल्यात अशी टीका केली, नियंत्रकांनाही टोचलं. त्यांच्या अँट ग्रुप या ऑनलाइन पैसे आणि कर्जाच्या कंपनीचा शेअर बाजारातला प्रवेश, जगातली तोवरची सर्वात मोठी ठरणारी भागविक्री, दोन दिवसांवर आला असताना ३ नोव्हेंबरला थांबवला गेला. पुढच्या एप्रिलमध्ये अलिबाबाला १८.२ अब्ज युआनचा दंड. जॅक मा काही महिने दिसेनासे झाले.

२०२१ च्याच जुलैमध्ये एका आदेशाने शालेय विषयांचे नफ्यासाठी चालणारे खासगी क्लास बंद झाले. क्लास चालवणाऱ्या कंपन्यांचे शेअर अमेरिकेच्या बाजारात अक्षरशः मातीमोल झाले. कोटा किंवा लातूरचं अख्खं क्लासविश्व एका सकाळी बेकायदा ठरलं असं समजा. न्यू ओरिएंटल या सर्वात नावाजलेल्या कंपनीचे बेकार झालेले शिक्षक नंतर ऑनलाइन थेट प्रक्षेपणात इंग्रजी शिकवता शिकवता तांदूळ आणि मका विकायला लागले, आणि त्यातही त्यांनी बक्कळ पैसा केला. भांडवल जातं कुठे!

मला या सगळ्यातून जे दिसतं ते असं. चीनमध्ये भांडवल आहे, नफा आहे, अब्जाधीश आहेत, गळेकापू स्पर्धा तर आपल्यापेक्षा जास्त आहे. पण भांडवलदारांची सत्ता नाही. अमेरिकेत किंवा भारतात बडा उद्योगपती पक्षांना देणग्या देतो, वृत्तवाहिनी विकत घेतो, कोर्टात सरकारला खेचतो, धोरण वाकवतो. चीनमध्ये तो फार तर ओळखी लावतो. तो कूळ आहे, आणि तिथे कूळकायदा नाही. जमीन कसतो, पीक घेतो, श्रीमंतही होतो, पण मालकाने उठ म्हटलं की उठायचं.

'मग हा कामगारांचा देश झाला की!' असं कोणी म्हणेल, तर २०१८ ची शेन्झेनची घटना आहे. जासिक नावाच्या कंपनीच्या कामगारांनी स्वतःची युनियन काढायचा प्रयत्न केला. चीनमध्ये सरकारमान्य महासंघ एकच, त्याच्याबाहेर युनियन चालत नाही, आणि संपाचा हक्क १९८२ च्या घटनेतून काढून टाकलेला आहे. कामगारांना अटक झाली. त्यांच्या पाठिंब्याला बीजिंग विद्यापीठ आणि इतर विद्यापीठांतले विद्यार्थी गेले, मार्क्सचा अभ्यास करणारे, कामगारांच्या बाजूने उभं राहावं असं खरोखर मानणारे. त्यांनाही उचललं. कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यात मार्क्सवादी विद्यार्थी कामगारांची बाजू घेतली म्हणून कोठडीत, यावर वेगळी टिप्पणी काय करणार.

कल्याणकारी खर्चाचंही असंच. गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मिळणारं मूळ पेन्शन महिन्याला २०० युआनच्या आसपास, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या आतबाहेर. सुमारे ३० कोटी माणसं गाव सोडून कामाला बाहेर पडलेली, आणि हुकौ नावाच्या रहिवासी नोंदणीमुळे त्यातल्या कित्येकांच्या मुलांना शहरातल्या सरकारी शाळेत सहज प्रवेश नाही. शी जिनपिंग यांनी २०२१ मध्ये 'सामायिक समृद्धी'वर लिहिताना बजावलं की आळशांना पोसणाऱ्या कल्याणवादाच्या सापळ्यात पडायचं नाही. हे वाक्य आपल्याकडच्या एखाद्या उद्योग संघटनेच्या वार्षिक सभेतही टाळ्या घेऊन गेलं असतं.

मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ च्या जाहीरनाम्यात दहा मागण्या दिल्या आहेत. त्यातली जमिनीची खासगी मालकी रद्द करा, ही चीनमध्ये झालेली आहे. पतपुरवठा राज्याच्या हाती द्या, हे बरंचसं झालंय. दळणवळण राज्याकडे, तेही झालंय. पण वारसाहक्क रद्द करा? चीनमध्ये साधा वारसा करसुद्धा नाही. बापाचे अब्जावधी पोराला जसेच्या तसे मिळतात. घरांवरचा वार्षिक कर २०११ पासून शांघाय आणि चोंगचिंग या दोन शहरांत 'प्रायोगिक' म्हणून आहे, देशभर आणायची हिंमत झालेली नाही. ज्या मागण्यांनी राज्याच्या हातात ताकद येते त्या पाळल्या, ज्यांनी श्रीमंताच्या खिशातून गरिबाच्या खिशात पैसा जातो त्या बाजूला ठेवल्या. माझ्या मते सगळं उत्तर या निवडीत आहे.

म्हणून मी चीनला मार्क्सपेक्षा लेनिनच्या खात्यात टाकेन. १९२१ मध्ये यादवी युद्धानंतर रशिया उपाशी मरत होता, तेव्हा लेनिनने नवं आर्थिक धोरण आणलं. शेतकऱ्याला धान्य विकायची मोकळीक, छोटे धंदे खासगी, पण बँका, अवजड उद्योग आणि परदेशी व्यापार राज्याकडे, आणि राजकीय सत्ता फक्त पक्षाकडे. लेनिन स्वतः त्याला राज्याच्या ताब्यातली भांडवलशाही म्हणायचा आणि लाजत नसे. स्टॅलिनने १९२० च्या दशकाच्या शेवटी ते गुंडाळलं. पण १९२६ मध्ये, ते धोरण अजून चालू असताना, मॉस्कोच्या सुन यत्सेन विद्यापीठात एक बुटका चिनी तरुण शिकत होता. तो डेंग शियाओपिंग. १९८५ मध्ये झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबे भेटायला आले तेव्हा डेंग त्यांना म्हणाले की समाजवाद म्हणजे काय हे आम्हालाही नीट उमगलं नव्हतं, कदाचित लेनिनचीच कल्पना बरी होती, त्याचं नवं आर्थिक धोरण. सोव्हिएत संघात ते सात-आठ वर्षं टिकलं, चीनमध्ये चाळीस वर्षांहून जास्त टिकलंय. व्हिएतनामनेही १९८६ पासून थोड्याफार फरकाने हीच वाट धरली.

२०१८ च्या घटनादुरुस्तीने तर मुद्दा पक्का करून टाकला. पक्षाचं नेतृत्व हेच चिनी वैशिष्ट्यांच्या समाजवादाचं सर्वात मूलभूत लक्षण आहे, असं वाक्य पहिल्या कलमात आलं. जमीन कोणाची, कारखाना कोणाचा, विषमता किती, यांपैकी काही नाही. राज्य आमचं, म्हणून समाजवाद.

यातून एक कायमची अडचण उभी राहते आणि ती आज चीनला भोवतेय. मालकाला उद्याची खात्री नसेल तर तो पैसा गुंतवत नाही. क्लास बंद झाले, अँटला रोखलं, बिल्डर बुडाले, त्यानंतर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत खासगी गुंतवणूक वाढण्याऐवजी किंचित घटली. मग १७ फेब्रुवारी २०२५ ला शी जिनपिंग यांनी उद्योजकांना बीजिंगमध्ये बोलावलं. पहिल्या रांगेत जॅक मा बसले होते. ३० एप्रिलला खासगी अर्थव्यवस्थेला चालना देणारा कायदा मंजूर झाला आणि २० मेपासून लागू झाला, या विषयावरचा चीनचा पहिलाच मूलभूत कायदा. त्यात समान वागणूक, मालमत्तेचं संरक्षण, सरकारी थकबाकी वेळेत देणं, मनमानी दंडाला आळा अशी उद्योजकांची जुनी गाऱ्हाणी ऐकलेली आहेत. आणि दुसऱ्याच कलमात लिहिलंय की हे सगळं काम कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली चालेल.